गाडीची वॉरंटी आणि बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीज : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीजचे कारण देऊन चारचाकी वाहनांची वॉरंटी नाकारण्याच्या प्रथेबाबत मार्गदर्शक सूचना काढण्याची विनंती.

महोदय,

वॉरंटीत असलेल्या गाडीचा एखादा भाग निकामी होतो, मालक ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेतो, आणि बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डमागे बाहेरून बसवलेली एखादी वस्तू दिसली की बिघाडाचा तपास तेथेच थांबतो. ‘आफ्टरमार्केट फिटमेंट आहे, कंपनीकडून अप्रूव्हल येणार नाही,’ एवढेच उत्तर मालकाला मिळते आणि तेही बहुतेकदा तोंडी. मग तो ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. तेथे ‘आमचा माल चांगला आहे, गाडीतच दोष असेल’ असे ऐकतो. वस्तू तयार करणाऱ्याकडे विचारणा केली, तर ‘आमची वॉरंटी वस्तूपुरती आहे, फिटिंगची नाही’ असे कळते. अखेर दुरुस्तीचा सगळा खर्च स्वतः सोसून तो गाडी घरी आणतो. या प्रकाराला आळा घालण्यासाठी आपल्या प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढाव्यात, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पुण्याजवळ चाकण परिसरात वाहनांच्या वायरिंग हार्नेस (गाडीतील तारांचे जुडगे) बनवण्याच्या उद्योगात मी बरीच वर्षे नोकरी केली. त्यामुळे नाकारलेल्या क्लेमचे कागद घेऊन परिचयातील आणि परिचितांच्या परिचयातील माणसे माझ्याकडे येतात. त्या कागदांत मला पुन्हा पुन्हा एकच उणीव दिसते : कोणती वस्तू बसवली होती हे लिहिलेले असते, पण त्या वस्तूने बिघडलेला भाग कसा बिघडवला, हे कोठेच लिहिलेले नसते. माझी मागणी याच एका जागी एकवटलेली आहे. बिघाड ॲक्सेसरीमुळे झाला असे कंपनीचे म्हणणे असेल, तर तिने ते तपासून लेखी दाखवावे. आणि दाखवता आले तरी वॉरंटीचा नकार त्या बिघाडापुरताच राहावा.

लोक बाहेरून वस्तू का बसवतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले, परंतु मागचा कॅमेरा, मोठ्या पडद्याचा स्टिरिओ, फॉग लॅम्प, अलॉय व्हील या गोष्टी अनेक मॉडेलांत वरच्या व्हेरियंटलाच मिळतात. एका कॅमेऱ्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजून वरचे व्हेरियंट घेणे ज्याला परवडत नाही, तो पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातो आणि तीच सोय थोडक्या पैशांत करून घेतो. यात बेकायदेशीर काही नाही आणि वावगेही काही नाही. डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचे चित्रण करणारा गाडीतला कॅमेरा, तर आज चैनीची वस्तू राहिलेली नाही; अपघातानंतर चूक कोणाची यावरून रस्त्यातच गर्दी जमते, तेव्हा आपली बाजू मांडायला तेवढाच एक पुरावा हाताशी असतो.

आता बिघाडांकडे येतो. माझे म्हणणे कंपन्यांच्या विरोधातले आहे असा समज होऊ नये, म्हणून जेथे कंपनीचा नकार पूर्णपणे योग्य असतो असेच उदाहरण आधी देतो. एच-४ प्रकारच्या हेडलॅम्पचा मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. रात्री घाटात जास्त उजेड हवा म्हणून काही जण त्या जागी १०० वॉटचा बल्ब टाकतात. बारा व्होल्टवर मूळ बल्ब सुमारे पाच अँपिअर प्रवाह घेतो, हा बल्ब आठ अँपिअरहून अधिक घेतो. आणि तारेत व कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ पावणेतीन पट होते. कपलर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो, स्विच जळतो. वेगळा रिले (जास्त प्रवाह सांभाळणारा, विजेवर चालणारा स्विच) आणि जाड तार न टाकता केलेल्या अशा कामानंतर हेडलॅम्प किंवा त्याच्या वायरिंगचा क्लेम नाकारला गेला, तर मालकाने तक्रार करू नये. परंतु त्याच गाडीचा एसी कॉम्प्रेसर त्याच महिन्यात बंद पडला, तर त्याचा त्या बल्बशी काहीएक संबंध नाही, आणि ‘या गाडीचे इलेक्ट्रिकल वॉरंटीतून बाद झाले आहे’ असा शेरा जॉब कार्डावर मारून तो क्लेम परत पाठवणे हा अन्याय आहे.

दुसरे उदाहरण डॅशकॅमचे. चालू गाडीत डॅशकॅम अगदी किरकोळ वीज घेतो. मात्र गाडी बंद असतानाही चित्रण चालू ठेवण्यासाठी त्याची जोडणी थेट बॅटरीवरून केली आणि बॅटरी उतरू लागताच पुरवठा तोडणारे साधन मध्ये बसवले नाही, तर ०.३ अँपिअरच्या प्रवाहानेसुद्धा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार-पाच दिवसांत पूर्ण उतरते. बॅटरी अशी वारंवार उतरली तर तिचे आयुष्य घटते, म्हणजे तिच्या बाबतीत कंपनीला आक्षेप घेता येईल. पण हा आक्षेप अंदाजाने घेण्याची गरज नसते. गाडी बंद करून, दारे लावून, सगळी मोड्यूल्स झोपी जाईपर्यंत थांबून मीटर लावला की बॅटरीतून किती प्रवाह झिरपतो ते कळते. निरोगी गाडीत तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. डॅशकॅमचा फ्यूज काढून पुन्हा मोजले की डॅशकॅमचा वाटा किती, तेही कळते. हे काम कोणत्याही सर्व्हिस सेंटरमधला इलेक्ट्रिशियन तासाभरात करू शकतो. तरीही नाकारलेल्या क्लेमच्या कागदांवर असे मोजमाप लिहिलेले माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही.

मागच्या वर्षी माझ्याकडे आलेले एक प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या मागण्या त्यातूनच आल्या आहेत. एका शिक्षिकेने खालच्या व्हेरियंटच्या गाडीला बाहेरच्या दुकानातून मागचा कॅमेरा बसवून घेतला होता. त्याची जोडणी रिव्हर्स लाइटच्या तारेवर होती. वर्ष उलटून गेल्यावर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बंद पडले आणि सर्व्हिस सेंटरने कॅमेऱ्याकडे बोट दाखवून क्लेम नाकारला. पॉवर स्टिअरिंगची मोटर वळताना कित्येक अँपिअर प्रवाह ओढते आणि म्हणूनच तिला बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणि स्वतंत्र मोठा फ्यूज दिलेला असतो. रिव्हर्स लाइटच्या तारेवर लावलेला कॅमेरा तेथे कसा पोहोचला, असा साधा प्रश्न आम्ही लेखी विचारला. उत्तर लेखी आले नाही. काही आठवड्यांनी फोन आला की कंपनी ‘गुडविल’ म्हणून अर्धा खर्च सोसायला तयार आहे. शाळेची वेळ, रिक्षाचा खर्च आणि दगदग यांना कंटाळलेल्या त्या बाईंनी ते मान्य केले. त्यांना मी दोष देणार नाही. पण जे हक्काने पूर्ण मिळायचे, ते उपकार म्हणून अर्धे दिले गेले, आणि तक्रार ‘समाधानाने निकाली’ अशी नोंदली गेली. गुडविलच्या या वाटेने किती क्लेम मिटवले जातात याची माहिती कंपन्यांपाशीच असते. आपण ती मागवावी. वाद किती खोलवर पसरला आहे, हे ग्राहक आयोगांतल्या खटल्यांच्या संख्येवरून कधीच कळणार नाही, कारण त्यातील मोठा भाग आयोगाच्या दारापर्यंत येतच नाही.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली. बिघाडानंतर गाडीच्या संगणकात त्रुटीचे कोड साठतात, आणि अनेक कोडांबरोबर बिघाडाच्या क्षणी व्होल्टेज किती होते, वेग किती होता अशी नोंदही राहते. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून हे सगळे पाहिले होते. आम्ही त्याची प्रत मागितली, तेव्हा ‘ती अंतर्गत नोंद असते’ असे सांगण्यात आले. गाडी मालकाची, बिघाड मालकाच्या गाडीतला, नोंद त्याच गाडीने ठेवलेली, आणि ती पाहण्याचा अधिकार मात्र नकार देणाऱ्याला एकट्यालाच. जी वस्तुस्थिती एकाच पक्षाच्या हाती असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच पक्षावर असावा, हे आपल्या पुरावा कायद्याचे जुने तत्त्व आहे. वॉरंटीच्या काउंटरवर ते उलटे फिरवले जाते.

आता शोरूममधून बसवून दिलेल्या ॲक्सेसरीजविषयी, कारण येथे जबाबदारी झटकण्याचा प्रकार अधिक उघड आहे. नवी गाडी घेताना सीट कव्हर, फ्लोअर मॅट, स्टिरिओ, कॅमेरा, अंडरबॉडी कोटिंग यांचे पॅकेज पुढे केले जाते. कधी सवलत त्या पॅकेजशी जोडलेली असते, कधी गाडी लवकर मिळण्याचे आमिष. ग्राहक समजतो की शोरूममधले म्हणजे कंपनीचे. प्रत्यक्षात त्यातील काही वस्तू कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीज असतात आणि काही डीलरने बाजारातून आणलेल्या असतात. दोन्ही एकाच काउंटरवर विकल्या जातात, बसवणारा माणूस अनेकदा बाहेरच्या दुकानातून आलेला असतो, आणि बिल कधी डीलरशिपच्या नावाने, तर कधी वेगळ्याच फर्मच्या नावाने निघते. गाडीची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी या वस्तूंची सहा महिन्यांची किंवा वर्षाची असते. पुढे बिघाड झाला की त्याच इमारतीतले सर्व्हिस सेंटर त्याच इमारतीत बसवलेल्या वस्तूला ‘आफ्टरमार्केट’ म्हणते. माझे मत स्पष्ट आहे : अधिकृत डीलरने आपल्या जागेत विकलेली आणि बसवलेली प्रत्येक वस्तू, तिच्यावर शिक्का कोणाचाही असो, गाडीच्या वॉरंटीच्या दृष्टीने अधिकृत मानली पाहिजे. डीलर आणि कंपनी यांनी आपापसात खर्च कसा वाटून घ्यायचा, हा त्यांच्या करारातला प्रश्न आहे. ग्राहकाला त्यात ओढण्याचे कारण नाही.

सरकारने सांगितलेल्या किंवा परवानगी दिलेल्या फिटिंगचा प्रश्न याहून निराळा नाही. सार्वजनिक प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून ठिकाण दाखवणारे उपकरण आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे, आणि हे उपकरण गाडीच्या बॅटरीशी आणि इग्निशनशी जोडावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही मान्यताप्राप्त सीएनजी किट नंतर बसवण्याची परवानगी मिळाली. किट बसवल्यानंतर इंजिनच्या व्हॉल्व्ह सीटची झीज किंवा इंधनप्रणालीतील दोष यांबाबत कंपनीने जबाबदारी नाकारली तर ते समजू शकते. परंतु आरटीओने नोंदणीपत्रावर रीतसर नोंदलेल्या किटमुळे दाराच्या कुलपाची किंवा शॉक ॲब्सॉर्बरची वॉरंटी कशी जाते? टॅक्सी चालवून हप्ते फेडणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचीसुद्धा उसंत नसते. गाडी उभी राहिली की त्याची त्या दिवसाची कमाई जाते, म्हणून तो पैसे भरून मोकळा होतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर हे तत्त्व आपल्या देशात नवे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. तो आदेश आणि त्यातील दंड यांवर कंपन्या पुढे अपिलात गेल्या, आणि बातम्यांत चर्चा दंडाचीच झाली. पण त्याच आदेशातील एक निर्देश मला दंडाहून मोलाचा वाटतो. ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थिती तसे स्पष्टपणे दाखवत असेल तरच वॉरंटी नाकारावी, असा त्याचा आशय आहे. तो निर्देश दुरुस्तीविषयी होता, ॲक्सेसरीजविषयी नव्हता, हे मी मान्य करतो. पण तारेला कोणाचा हात लागला यापेक्षा त्या हाताने काय बिघडवले हे पाहावे, हा विचार दोन्हीकडे तोच आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्याने विशिष्ट ब्रँडचेच सुटे भाग किंवा विशिष्ट ठिकाणचीच सेवा वापरण्याची अट वॉरंटीला जोडण्यास मनाई केली, आणि तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल इशारेवजा पत्रे पाठवली, तर २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर याच कारणासाठी कारवाई केली.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे आणि ग्राहकाला प्रतिकूल ठरणारी अवाजवी अट तिच्यात बसते. अडचण अशी की अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. तिच्यासाठी राज्य आयोगात किंवा राष्ट्रीय आयोगात जावे लागते. चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाने वीस-पंचवीस हजारांच्या स्टिअरिंग मोटरसाठी तेवढी धावपळ करावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. जिल्हा आयोगात सेवेतील उणिवेची तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि त्यापुढेही ते अगदी अल्प आहे. पण दोष तपासणीवाचून ठरवता येत नसेल, तर आयोग तो प्रयोगशाळेकडे पाठवतो, आणि त्या तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. अशा प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती काळ लागतो, ते आपण जाणताच. तोपर्यंत बदललेला भाग सर्व्हिस सेंटरने भंगारात टाकलेला असतो आणि तपासायला काही उरलेले नसते.

एकेका ग्राहकाचा वाद सोडवणे हे आपल्या प्राधिकरणाचे काम नाही, ग्राहकवर्गाच्या हक्कांचे रक्षण हे आहे; म्हणूनच आपल्याकडे आलो आहे. कायद्याच्या कलम १८ ने अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे. हॉटेलांच्या सेवाशुल्काबाबत जुलै २०२२ मध्ये आणि डार्क पॅटर्नबाबत (ऑनलाइन ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचनेबाबत) नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण तो वापरला. सेवाशुल्काच्या सूचना मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही कायम ठेवल्या. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा तिच्या चार क्षेत्रांत वाहनेही होती. वॉरंटी नाकारण्याच्या पद्धतीवर सूचना काढणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल ठरेल.

त्या सूचनांत काय असावे, याविषयी माझे म्हणणे असे. क्लेम नाकारताना सर्व्हिस सेंटरने ठरावीक नमुन्यात लेखी कारण द्यावे, आणि त्यात बिघडलेला भाग, बसवलेली वस्तू, तिची जोडणी नेमकी कोणत्या सर्किटवर आहे, घेतलेली मोजमापे आणि त्या वस्तूने तो भाग कसा बिघडवला याचा तांत्रिक खुलासा असावा. स्कॅनरचा अहवाल आणि छायाचित्रे मालकाला त्याच दिवशी मिळावीत. असे लेखी कारण सात दिवसांत दिले नाही, तर क्लेम मान्य झाला असे धरावे. नाकारलेला भाग मालकाच्या ताब्यात द्यावा किंवा वाद मिटेपर्यंत मोहोरबंद ठेवावा. मालकाला कारण मान्य नसेल, तर त्रयस्थ तपासणीची सोय असावी, आणि तिचा खर्च आधी कंपनीने करावा, निष्कर्ष मालकाच्या विरुद्ध गेला तर तो त्याच्याकडून वसूल व्हावा. वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे. देशात अशा आणखी संस्था आहेत. प्रत्येक किरकोळ वाद त्यांच्याकडे जाऊ नये, पण मोठ्या रकमेच्या वादांसाठी तज्ज्ञांची यादी करणे त्यांच्या मदतीने सहज शक्य आहे.

एक सूचना मी माझ्या जुन्या कामाच्या अनुभवावरून विशेष आग्रहाने मांडतो. बहुतेक नुकसान चालू तारेचे आवरण सोलून, तिला टॅप मारून, वरून चिकटपट्टी गुंडाळण्याने होते; पावसाळ्यात तेथे ओल शिरते, तांबे हिरवे पडते आणि मग काही महिन्यांनी असा दोष उद्भवतो की त्याचा माग काढताना चांगला इलेक्ट्रिशियनही थकतो. हे टाळण्यासाठी कंपन्यांनी प्रत्येक गाडीत, सर्वांत स्वस्त व्हेरियंटमध्येसुद्धा, ॲक्सेसरीजसाठी फ्यूजसह एक वेगळा कनेक्टर द्यावा, त्याची क्षमता किती अँपिअर ते पुस्तिकेत छापावे, आणि त्या कनेक्टरवरून क्षमतेच्या आत घेतलेल्या जोडणीमुळे वॉरंटीला बाधा येणार नाही असे वचन द्यावे. हार्नेसमध्ये दोन जादा तारा आणि एक कपलर यांचा खर्च गाडीच्या किमतीत दिसणारसुद्धा नाही. लोकांनी तार कापू नये असे वाटत असेल, तर न कापता जोडता येईल अशी जागा त्यांना दिली पाहिजे.

दुकानदार आणि फिटिंगवाले यांनाही मी या जबाबदारीतून सोडत नाही. रस्त्याकडेला, गाडी उभी करून, वीस मिनिटांत स्टिरिओ बसवून देणारा कारागीर हाताने कुशल असतो, पण काय जोडले याची नोंद तो ठेवत नाही. पडद्याचे अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना वापरले जाणारे निकृष्ट डिकोडर गाडीच्या कॅन नेटवर्कमध्ये (गाडीतले संगणक ज्यावरून एकमेकांशी संदेश देवाणघेवाण करतात त्या जाळ्यात) खरोखरच गोंधळ घालू शकतात, आणि तेव्हा कंपनीचा आक्षेप पोकळ नसतो. म्हणून वस्तू बसवणाऱ्या प्रत्येक दुकानाने फिटिंगची चिठ्ठी द्यावी : कोणती वस्तू, कोणत्या तारेवरून पुरवठा घेतला, किती अँपिअरचा फ्यूज टाकला, मूळ तार कापली की कपलरला कपलर जोडला, आणि बसवण्याच्या कामाची जबाबदारी किती महिने. ज्याने वस्तू विकली आणि बसवली, त्याने ‘वॉरंटी वस्तूची, फिटिंगची नाही’ असे म्हणण्यास बंदी असावी. अशी चिठ्ठी मालकापाशी असली, तर सर्व्हिस सेंटरचा तपासही सोपा होईल.

मोटर विम्याने हा पेच फार पूर्वी सोडवला आहे. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये आयएमटी २४ या पृष्ठांकनाखाली (पॉलिसीला जोडायच्या जादा कलमाखाली) बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंचे मूल्य जाहीर करून त्यावर चार टक्के जादा हप्ता घेण्याची सोय होती. सीएनजी किटसाठीही तशीच तरतूद होती. विमा कंपन्यांनी गाडीला काही जोडले म्हणून सगळी पॉलिसी रद्द केली नाही. काय जोडले ते सांगा, त्याची नोंद करू, असे त्यांनी म्हटले. वाहन कंपन्यांना ही नोंद घेणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

जेथे जीविताचा प्रश्न आहे, तेथे मी कोणतीही सूट मागत नाही. बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतून उघडतात. त्या जागेवर एअरबॅगला उघडता येईल अशी शिवण न ठेवलेले सीट कव्हर घट्ट बसवले, तर एअरबॅगला अडथळा होऊ शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बुल बार (गाडीच्या पुढे लावलेले लोखंडी संरक्षक दांडे) बेकायदेशीर असल्याचे राज्यांना कळवले, तरी ते आजही दिसतात. एअरबॅगच्या पिवळ्या तारांना, ब्रेकच्या सर्किटला किंवा समोरच्या काचेवरील एडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या) कॅमेऱ्याच्या जागेला हात लावू नये, एवढी मनाई कंपन्यांनी जरूर करावी आणि ती कडकपणे पाळावी. फक्त ती मनाई गाडी ताब्यात देतानाच, एका पानावर, महाराष्ट्रात मराठीत आणि इतरत्र तेथील भाषेत लिहून द्यावी. दोनशे पानांच्या इंग्रजी पुस्तिकेतल्या बारीक छपाईवर बोट ठेवून, बिघाड झाल्यावर ती दाखवणे, ही माहिती देण्याची पद्धत होत नाही. आणि सदोष सीट कव्हर शोरूमनेच विकले असेल, तर त्याबद्दल उत्तर शोरूमने द्यावे.

डार्क पॅटर्नच्या सूचनांचा मसुदा ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये लोकांच्या अभिप्रायासाठी खुला केला होता. या विषयावरही आपण तसाच मसुदा काढावा. मोटार कंपन्या आणि त्यांच्या संघटना आपले म्हणणे इंग्रजीत, वकिलांमार्फत, व्यवस्थित मांडतीलच. त्याबरोबर १९७४ पासून काम करणारी ग्राहक पंचायत, टॅक्सीचालकांच्या संघटना, आणि नाना पेठेतले, कुर्ल्यातले, प्रत्यक्ष तारा जोडणारे कारागीर यांनाही बोलवावे आणि त्यांना आपल्या भाषेत बोलू द्यावे. तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींत ‘ॲक्सेसरीजमुळे वॉरंटी नाकारली’ असा स्वतंत्र वर्ग करून त्याचे आकडे कंपनीनिहाय प्रसिद्ध करावेत. मसुद्यावर अभिप्राय देण्यासाठी आणि हार्नेसच्या जोडणीबाबत जी तांत्रिक माहिती लागेल ती पुरवण्यासाठी मी तयार आहे.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक वाहनधारक